झेंडा अर्ध्यावर आला की : अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी

आमचा मुलगा पहिलीत होता तेव्हाची गोष्ट. शाळेच्या रस्त्याला गाडी वळली की डाव्या हाताला उंच काठीवर झेंडा दिसायचा. एक दिवस तो काठीच्या मध्यावर होता. मुलानं मागच्या सीटवरून विचारलं, "बाबा, आज कोण गेलं?" झेंडा खाली आला म्हणजे कुणीतरी गेलेलं असतं, हे त्याला शाळेत कळलं होतं. मला उत्तर ठाऊक नव्हतं. "बघून सांगतो," म्हणालो आणि ऑफिसला पोचेपर्यंत विसरून गेलो. संध्याकाळी त्यानंच आठवण करून दिली. शोधलं तेव्हा कळलं, आमच्याच राज्यातला एक सैनिक परदेशात मारला गेला होता. वय बावीस. गाव आमच्या घरापासून चाळीस मिनिटांवर.

त्या दिवसापासून घरात एक नियम पडला. झेंडा अर्ध्यावर दिसला की रात्री जेवायला बसायच्या आत नाव कळलं पाहिजे.

हा लेख त्या नियमातून आला आहे. ज्यांच्या अंगणात काठी आहे, जे एचओएच्या, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या असोसिएशनच्या, समितीत आहेत, जे मंडळाचे कार्यक्रम बसवतात आणि जे झेंडा फक्त रस्त्यावरून जाताना बघतात, त्या सगळ्यांना उपयोगी पडेल अशा बेतानं लिहिला आहे.

आधी नाव शोधा

झेंडा खाली आणण्याचा आदेश दोघांकडून येतो : सगळ्या देशासाठी राष्ट्राध्यक्ष, राज्यापुरता गव्हर्नर. राष्ट्राध्यक्षांचा आदेश व्हाइट हाउसच्या संकेतस्थळावर जाहीर होतो. गव्हर्नरचा आदेश राज्याच्या संकेतस्थळावर मिळतो. बऱ्याच राज्यांत ईमेल नोंदवला की प्रत्येक आदेश घरबसल्या येतो. हे काम आजच उरकून टाका, पाच मिनिटांचं आहे.

आदेश वाचताना तीन गोष्टी बघायच्या : कुणासाठी, कुठे आणि केव्हापर्यंत. तिसऱ्या गोष्टीत लोक चुकतात. बहुतेक आदेश एका दिवसाच्या सूर्यास्तापर्यंत असतात, काही मात्र दफन होईपर्यंत चालतात. दफनाची तारीख नंतर ठरते, म्हणून पुन्हा एकदा बघावं लागतं.

कुणासाठी किती दिवस, हे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १ मार्च १९५४ च्या घोषणेत ठरवून दिलं. त्याआधी एकसूत्र नव्हतं. आजी किंवा माजी राष्ट्राध्यक्ष गेले तर ३० दिवस. उपराष्ट्राध्यक्ष, आजी वा निवृत्त सरन्यायाधीश आणि प्रतिनिधिगृहाचे सभापती यांच्यासाठी १० दिवस. सर्वोच्च न्यायालयाचे इतर न्यायाधीश, मंत्री, माजी उपराष्ट्राध्यक्ष आणि राज्याचे गव्हर्नर यांच्यासाठी निधनापासून दफनापर्यंत. काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकी संसदेचा, सदस्य गेला तर निधनाचा दिवस आणि त्याच्या पुढचा दिवस. दहा दिवसांचा आकडा वाचून आपल्याकडचा दहावा आठवतो. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण दुखवट्याला मुदत हवी आणि ती संपली की कामाला लागावं, हा विचार दोन्हीकडे सारखाच आहे.

मुदत कायद्यानं बांधली तरी लोकांचं मन तेवढ्यावर थांबत नाही. सिनेटर जॉन मॅकेन २५ ऑगस्ट २०१८ ला, शनिवारी, गेले. कायद्याची मुदत रविवारी संपली. सोमवारी सकाळी व्हाइट हाउसवरचा झेंडा पूर्ण वर होता, काँग्रेसच्या इमारतीवरचा मात्र खालीच होता. माजी सैनिकांच्या संघटनांनी नाराजी बोलून दाखवली आणि त्याच दुपारी व्हाइट हाउसवरचा झेंडा पुन्हा अर्ध्यावर आला, तो दफन होईपर्यंत तिथेच राहिला. जिमी कार्टर यांच्या वेळी वेगळाच पेच पडला. ते २९ डिसेंबर २०२४ ला गेले, त्यामुळे तीस दिवसांच्या मधोमध २० जानेवारीचा शपथविधी आला. काँग्रेसच्या इमारतीवरचा झेंडा तेवढ्या एका दिवसासाठी वर गेला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्ध्यावर आला.

राष्ट्राध्यक्ष यादीबाहेरच्या माणसांसाठीही आदेश काढतात. मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासाठी १९६८ मध्ये निघाला. परक्या देशांच्या नेत्यांपैकी चर्चिल, मंडेला आणि शिंझो आबे यांच्यासाठी निघाला. १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया यान परतीच्या वाटेवर तुटलं, सात अंतराळवीर गेले, त्यांच्यात कर्नालची कल्पना चावला होती. तेव्हा देशभरचे झेंडे ५ फेब्रुवारीपर्यंत खाली होते. घरातल्या मुलांना सांगायला मी पहिलं उदाहरण हेच देतो.

आदेश नसताना घरच्या काठीवरचा झेंडा खाली आणला तर शिक्षा होते का? नाही. ध्वजसंहिता १९२३ मध्ये वेगवेगळ्या संघटनांनी एकत्र बसून लिहिली, १९४२ मध्ये काँग्रेसनं ती कायद्यात घेतली, पण घरच्या माणसाला दंड व्हावा असं तिच्यात काही नाही. ती रीत सांगते. माझं मत मात्र स्पष्ट आहे : आदेशाशिवाय उतरवू नये. रस्त्यावरून जाणारा माणूस झेंडा बघून "कोण गेलं?" विचारतो, तेव्हा त्याला मिळणारं उत्तर सगळ्या गावासाठी एकच असायला हवं. घरचं माणूस गेलं असेल तर काळी रिबन लावावी, तिच्याविषयी पुढे लिहिलं आहे.

वर्षातले ठरलेले दिवस

हे कॅलेंडरमध्ये एकदाच टाकून ठेवा. १५ मे हा कर्तव्यावर मरण पावलेल्या पोलिसांचा दिवस. त्याच तारखेला सैन्यदल दिन, म्हणजे मेचा तिसरा शनिवार, आला तर झेंडा वरच राहतो. २०२१ मध्ये तसं झालं होतं. मेच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डे. ११ सप्टेंबर. ७ डिसेंबर, पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याचा दिवस, ज्यात २,४०३ अमेरिकी माणसं गेली. शिवाय मेरीलँडमधल्या एमिट्सबर्गला अग्निशामकांची राष्ट्रीय स्मरणसभा होते तो दिवस. याची तारीख दर वर्षी बदलते.

गल्लत होते ती ११ नोव्हेंबरला. तो व्हेटरन्स डे, सेवा केलेल्या सगळ्यांचा आणि विशेषतः जे आपल्यात आहेत त्यांचा. त्या दिवशी झेंडा पूर्ण वर असतो आणि भेटलेल्या माजी सैनिकाचे आभार मानायचे असतात. मेमोरियल डे युद्धात मेलेल्यांचा. त्या दिवशी 'हॅपी मेमोरियल डे' म्हणू नका. पितृपक्षात कुणी कुणाला शुभेच्छा देत नाही, तसंच हे. दुकानांच्या सेलच्या जाहिराती काहीही म्हणोत.

काठीवरचा झेंडा अर्ध्यावर कसा आणायचा

आमच्या वसाहतीच्या दारात वीस फुटी अॅल्युमिनियमची काठी आहे. झेंडा तीन बाय पाच फुटांचा, दोरीला दोन हूक, वर कप्पी, खाली दोरी बांधायची खुंटी. समितीत गेलो त्या वर्षी हे काम माझ्याकडे आलं. पहिल्याच आदेशाच्या दिवशी मी झेंडा हुकांना लावला, मध्यापर्यंत चढवला आणि दोरी बांधून टाकली. समोरच्या घरातले आजोबा, आमची मुलं त्यांना आजोबाच म्हणतात, तरुणपणी नौदलात होते. ते चप्पल घालून तसेच बाहेर आले. रागावले नाहीत. दोरी माझ्या हातातून घेतली, सोडली आणि झेंडा वरच्या गोळ्यापर्यंत नेला. कप्पीला हूक टेकल्याचा टक्क आवाज आला. त्यांनी एक श्वास घेतला आणि मग झेंडा हात हात दोरी सोडत सावकाश मध्यावर आणला. "आधी त्याला त्याची पूर्ण उंची द्यायची," एवढंच म्हणाले.

सगळी रीत या एका वाक्यात आहे. क्रम असा ठेवा.

सकाळी सूर्योदयाच्या सुमारास झेंडा दोरीला लावा. ताऱ्यांचा निळा चौकोन वर आणि काठीच्या बाजूला आला आहे ना, ते हूक अडकवायच्या आधी बघून घ्या. झपझप ओढत झेंडा टोकापर्यंत न्या आणि क्षणभर थांबा. मग सावकाश खाली आणा. अर्ध्यावर म्हणजे नेमकं कुठे? कायदा म्हणतो, काठीच्या वरच्या आणि खालच्या टोकांमधलं निम्मं अंतर. आम्ही झेंड्याचा मध्य त्या जागी आणतो आणि एकदा माप घेऊन दोरीला काळी चिकटपट्टी गुंडाळून ठेवली आहे. पट्टी खुंटीशी आली की झेंडा जागेवर. अंदाजानं केलं तर दर वेळी वेगळं होतं, आणि कधी तर दोरी सैल सुटल्यासारखं दिसतं.

दोरी खुंटीला आठाच्या आकारात तीन-चार वेढे देऊन बांधा. वाऱ्यात दोरी सुटली तर झेंडा जमिनीपर्यंत घसरतो, आणि झेंडा जमिनीला लागू द्यायचा नाही.

संध्याकाळी उतरवताना पुन्हा तेच : आधी टोकापर्यंत, मग खाली. हा भाग बहुतेक लोक विसरतात. अर्ध्यावरूनच काढून घेतात.

आपल्या तिरंग्याचीही रीत हीच आहे. भारतीय ध्वजसंहितेतही आधी टोकापर्यंत, मग अर्ध्यावर, आणि उतरवण्यापूर्वी पुन्हा टोकापर्यंत असंच सांगितलं आहे. ६ फेब्रुवारी २०२२ ला लताबाई गेल्या, दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा झाला, तेव्हा देशभरचे तिरंगे याच क्रमानं अर्ध्यावर आले असणार. ही रीत दोन्ही देशांकडे जहाजांवरून आली, समुद्रावरच्या जुन्या दुखवट्याच्या चालीतून. म्हणूनच इंग्रजीत जहाजावर आणि नौदलाच्या तळावर 'हाफ-मास्ट' म्हणतात, जमिनीवरच्या काठीला 'हाफ-स्टाफ'.

त्याच काठीवर राज्याचा झेंडा असेल तर तो देशाच्या झेंड्याच्या खाली, आणि तोही सोबत खाली येतो. जागा पुरत नसेल तर त्या दिवशी राज्याचा झेंडा काढून ठेवा. आजोबांचा सल्ला असाच असतो, आणि तो मला पटतो. दुखवट्याच्या दिवशी काठीवर गर्दी नको.

रात्रीही झेंडा ठेवायचा असेल तर त्याच्यावर नीट उजेड हवा. काठीच्या टोकाला बसवायचे सौर दिवे मिळतात, पण हिवाळ्यात ते पहाटेपर्यंत टिकत नाहीत, म्हणून जमिनीवरचा विजेचा दिवा बरा. पाऊसपाण्यात नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा झेंडा चालतो, सुती नको.

पोर्चवरचा तिरका झेंडा

घराच्या खांबाला तिरकी काठी लावून अडकवलेला झेंडा खाली आणता येत नाही. काहीजण तो गुंडाळून अर्धा करतात, तसं करू नका. काठीच्या टोकाच्या गोळ्याखाली काळी रिबन बांधा. रुंदी झेंड्याच्या एका पट्ट्याएवढी आणि लांबी झेंड्याएवढी, असा प्रघात आहे. हिशेब सोपा आहे. तीन फुटांची उंची, तेरा पट्टे, म्हणजे एक पट्टा सुमारे पावणेतीन इंचांचा. लांबी पाच फूट. साडीच्या फॉलचं काळं कापड उत्तम चालतं, वाऱ्यात ते रिबनसारखं वळ्या खात नाही. आमच्या घरी ते झेंड्याच्याच पिशवीत घडी करून ठेवलेलं असतं.

एचओए म्हणते झेंडाच लावू नका, तर? २००६ पासून देशाचा असा कायदा आहे की घरमालकाला स्वतःच्या मालकीच्या जागेत अमेरिकेचा झेंडा लावायला असोसिएशन सरसकट बंदी घालू शकत नाही. जागा, वेळ आणि पद्धत याबद्दल वाजवी नियम मात्र करू शकते. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला त्यांच्या असोसिएशननं नोटीस दिली होती. त्यांनी भांडण न करता कायद्याचं नाव घालून दोन ओळींचं पत्र लिहिलं आणि विषय मिटला.

मेमोरियल डे : दुपारी बारापर्यंत

हा दिवस इतर सगळ्या दिवसांहून वेगळा आहे, आणि त्याची वेळ पाळायला घड्याळ लागतं. सूर्योदयाला झेंडा टोकापर्यंत न्या, मग अर्ध्यावर आणा. दुपारी बारा वाजता पुन्हा झपझप टोकापर्यंत चढवा. सूर्यास्ताला उतरवा. सकाळ मेलेल्यांची, दुपार जिवंतांनी पुढे चालवायच्या देशाची, असा अर्थ लोक सांगतात. बारा वाजता झेंडा वर जाताना समोर उभं राहून बघा. मी वीस वर्षांत बरेच समारंभ पाहिले, पण घशात काहीतरी अडकतं ते याच क्षणी.

दुपारी तीनला देशभर एक मिनिट शांतता पाळायची असते, २००० सालापासून तसा कायदाच आहे. तीन वाजता बहुतेक घरांत ग्रिल पेटलेलं असतं. चिमटा बाजूला ठेवायचा, गाणं बंद करायचं, एक मिनिट. पाहुण्यांना आधी सांगून ठेवा, कुणी नाही म्हणत नाही.

हा दिवस कुठून आला ते मुलांना सांगा, कारण त्याचा एक धागा आपल्या पुण्यापर्यंत येतो. अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांमधल्या यादवी युद्धात सहा लाखांहून जास्त माणसं मेली. युद्ध संपता संपता दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटन शहरात नुकतेच गुलामीतून सुटलेले काळे लोक एका घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर जमले. त्या मैदानाचा दक्षिणेच्या सैन्यानं तुरुंग केला होता आणि तिथे मेलेल्या अडीचशेहून अधिक उत्तरेच्या सैनिकांना एका खड्ड्यात टाकलं होतं. या लोकांनी ती प्रेतं काढून एकेकाला वेगळी कबर दिली, भोवती कुंपण घातलं आणि १ मे १८६५ ला हजारो माणसं, पुढे शाळकरी मुलं, हातात फुलं घेऊन मिरवणुकीनं तिथे गेली. कबरींवर फुलं वाहण्याची अशी चाल त्या काळात आणखीही गावांत सुरू झाली, आणि पहिलं गाव कोणतं यावर अजून वाद आहे. तीन वर्षांनी, मे १८६८ मध्ये, जनरल जॉन लोगन यांनी माजी सैनिकांच्या संघटनेच्या वतीनं आदेश काढला : ३० मे रोजी देशभर कबरी फुलांनी सजवा. तोच डेकोरेशन डे. मेचा शेवटचा सोमवार १९७१ पासून आला.

लोगन यांच्या आदेशानंतर पाचच वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अर्पण केली कुणाला? अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी गुलामांना मुक्त करण्यासाठी निःस्वार्थपणे स्वतःला झोकून दिलं. आपल्या देशबांधवांनीही तो कित्ता गिरवावा, असं त्यांनी लिहिलं. पुण्यात बसलेल्या एका मराठी माणसाला त्या कबरींचा अर्थ कळला होता, आणि तोही त्याच पिढीत. अमेरिकेत येऊन मेमोरियल डेला "हे त्यांचं आहे, आपलं काय?" असं कुणी म्हणालं की मी या अर्पणपत्रिकेची आठवण करून देतो.

त्या दिवशी गावच्या चौकातल्या स्मारकापाशी सकाळी कार्यक्रम असतो, नावं वाचतात. मुलांना घेऊन जा. बिगुलवर 'टॅप्स' वाजतं, फक्त चोवीस सूर. ती धून १८६२ मध्ये जनरल बटरफिल्ड यांच्या छावणीत दिवे मालवण्याच्या इशाऱ्यासाठी बसवली गेली. ती वाजत असताना बोलू नका, टाळ्या नकोत, संपल्यावरही नकोत. घरी परतल्यावर मुलांना स्मारकावरचं एक नाव निवडायला सांगा आणि गावच्या ग्रंथालयात जाऊन त्या माणसाविषयी काय सापडतं ते बघा. आमच्या मुलानं पहिल्या महायुद्धातलं एक नाव घेतलं होतं. निघालं असं की तो माणूस आमच्याच रस्त्यावर राहायचा.

झेंड्यासमोर कसं उभं राहायचं

झेंडा चढताना, उतरताना किंवा मिरवणुकीत समोरून जाताना नागरिकांनी त्याच्याकडे तोंड करून सावधान उभं राहायचं आणि उजवा हात छातीवर ठेवायचा. पुरुषांनी टोपी उजव्या हातानं काढून डाव्या खांद्याशी धरायची, म्हणजे हात आपोआप छातीवर येतो. व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असलेल्यांना नेहमी प्रश्न पडतो. त्याचं उत्तर संहितेतच आहे : दुसऱ्या देशाच्या नागरिकांनी सावधान उभं राहावं. तेवढं पुरेसं आहे आणि त्यात पूर्ण आदर आहे.

मुलं शाळेत रोज सकाळी निष्ठेची प्रतिज्ञा म्हणतात. १८९२ मधली ती प्रतिज्ञा कुणालाही सक्तीनं म्हणायला लावता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानं १९४३ मध्येच तसा निर्णय दिला आहे, तोही दुसरं महायुद्ध ऐन भरात असताना. मुलाला हेही सांगा. त्याला मनापासून म्हणावीशी वाटली तर तिचं मोल त्यामुळे वाढतंच.

भगतसिंग थिंड यांचं नाव आमच्या घरात या संदर्भात येतं. अमृतसरकडचा हा माणूस १९१८ मध्ये अमेरिकी सैन्यात होता, फेटा बांधून. सन्मानानं निवृत्त झाला. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो 'गोरा' नाही म्हणून त्याला नागरिकत्व नाकारलं. महायुद्धातल्या सैनिकांसाठी नवा कायदा झाल्यावर १९३६ मध्ये ते अखेर मिळालं. झेंड्याचा इतिहास मुलांना सांगायचा तर हा भाग गाळू नये. इथं आपल्याला जे सहज मिळालं, त्यासाठी कुणी अठरा वर्षं वाट पाहिली.

मंडळाच्या कार्यक्रमात तिरंगा आणि अमेरिकी झेंडा

व्यासपीठावर प्रेक्षकांकडे तोंड करून उभं राहिल्यावर वक्त्याच्या उजव्या हाताला अमेरिकी झेंडा, डाव्या हाताला तिरंगा. दोन्ही काठ्या एका उंचीच्या, दोन्ही झेंडे जवळपास एका मापाचे. दोन देशांचे झेंडे एकाच काठीवर वर-खाली लावायचे नाहीत, शांततेच्या काळात एका देशाचा झेंडा दुसऱ्याच्या वर नसतो. चढवताना अमेरिकी आधी, उतरवताना तो शेवटी.

१५ ऑगस्टला इथे दुखवटा चालू असला तर पेच पडतो. भारतीय संहितेप्रमाणे स्वातंत्र्यदिनी तिरंगा अर्ध्यावर आणत नाहीत, आणि शेजारचा झेंडा खाली असताना तिरंगा वर फडकवणंही यजमानाच्या घरी शोभत नाही. अशा वेळी आम्ही दोन्ही झेंडे सभागृहात स्टँडवर ठेवतो, बाहेर फडकवत नाही, आणि सुरुवातीलाच एक मिनिट उभे राहतो.

गणेशोत्सव बरेचदा ११ सप्टेंबरच्या आसपास येतो. २०२१ मध्ये चतुर्थी दहाला होती, आणि दुसऱ्या दिवशी हल्ल्याला वीस वर्षं पूर्ण झाली. त्या सकाळी ढोल-ताशाचा सराव ठेवू नका. ८ वाजून ४६ मिनिटांनी पहिलं विमान आदळलं, त्या मिनिटाला जिथे असाल तिथे थांबा. आरतीच्या आधी नावं वाचली तर बाप्पाला आवडेलच.

घडी आणि जुना झेंडा

घडीला दोघं लागतात. झेंडा कमरेच्या उंचीवर आडवा ताणून धरा. खालचा पट्ट्यांचा भाग निळ्या चौकोनावर आणत लांबीत अर्धा करा, मग पुन्हा एकदा लांबीत अर्धा, निळा बाहेर राहील असा. पट्ट्यांच्या टोकाकडच्या माणसानं कोपरा उचलून उघड्या कडेला आणायचा, त्रिकोण होतो. मग समोशाची पट्टी वळतात तसं त्रिकोणावर त्रिकोण. शेवटी उरलेली कड खोचून टाकायची. फक्त निळा आणि तारे दिसले पाहिजेत, लाल दिसता कामा नये. तेरा घड्यांना तेरा अर्थ सांगणारे कागद फिरतात, संहितेत ते नाहीत. सैनिकाच्या अंत्यविधीत शवपेटीवरचा झेंडा असाच घडी करून घरच्यांच्या हातात देतात. तो नऊ फुटांहून लांब असतो, तरी त्याची घडी उशीएवढी होते.

कडा उसवल्या तर शिवून घ्या, झेंडा शिवणं हा अपमान नाही. रंग विटला, कापड विरलं की तो सन्मानानं नष्ट करायचा, शक्यतो जाळून. अंगणात जाळायची गरज नाही. अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेच्या केंद्राबाहेर आणि बऱ्याच नगरपालिकांच्या दारात त्यासाठी पेटी असते, तिच्यात घडी करून ठेवा. कचऱ्यात टाकू नका.

दोन जागा, जिथे एकदा जाऊन यावं

न्यू जर्सीत असाल तर जर्सी सिटीच्या लिबर्टी स्टेट पार्कमधलं 'एम्प्टी स्काय', ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात गेलेल्यांचं स्मारक. स्टीलच्या दोन भिंती समोरासमोर, प्रत्येकी ३० फूट उंच आणि २१० फूट लांब, म्हणजे पडलेल्या मनोऱ्याच्या एका बाजूएवढ्या. मधल्या वाटेनं चालताना समोर नदी आणि तिच्यापल्याड जिथे मनोरे होते ते आकाश. भिंतींवर या राज्यातल्या सातशेहून जास्त माणसांची नावं हाताच्या उंचीवर कोरलेली आहेत. अक्षरं खोल आहेत, बोट आत जातं. आपल्याकडची आडनावं शोधावी लागत नाहीत, चालता चालता दिसतात. गर्दी टाळायची तर अकरा सप्टेंबरच्या आदल्या आठवड्यात सकाळी जा.

दुसरी जागा हडसन नदीकाठची पोकीप्सी. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेत आल्या तेव्हा न्यू जर्सीतल्या रोझेलला कारपेंटर कुटुंबाकडे राहिल्या. १८८६ मध्ये फिलाडेल्फियातून डॉक्टर झाल्या, २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारल्या. बावीसही पूर्ण नव्हती. त्यांच्या अस्थी कारपेंटरबाईंकडे पाठवल्या गेल्या आणि त्यांनी त्या पोकीप्सीच्या स्मशानभूमीत आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवल्या. एका मराठी मुलीला अमेरिकी घरानं आपल्या माणसांत जागा दिली, ती जागा अजून तिथे आहे. आम्ही शक्यतो मेमोरियल डेच्या सुट्टीतच जातो. यादवी युद्धातल्या सैनिकांच्या कबरींपाशी तेव्हा छोटे झेंडे लावलेले असतात. आनंदीबाईंसाठी फुलं न्या, अबोली मिळत नाही, पांढरी कार्नेशन मिळतात. जाताना एखाद्या सैनिकाच्या कबरीपुढचा झेंडा वाऱ्यानं पडलेला दिसला तर उचला, माती झटका आणि दगडापासून एक पाऊल सोडून पुन्हा रोवा. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय लष्करी स्मशानभूमीत सैनिक दगडापासूनचं अंतर आपल्या बुटानं मोजतात. आमच्या मुलानं तिथे आपल्या सँडलनं मोजलं, मग दगडावरचं नाव मोठ्यानं वाचलं.